पंचधातूचं नादपात्र

ग्रामोफोनवर नागस्वर, ती दक्षिणेतली लांब सनई, वाजत होतं आणि भवानीच्या पाठीवर नादस्वामी म्हणवणाऱ्या बुवाचा वेत पडत होता. कुंभकोणमच्या मेलकावेरी भागातली निम्मी गल्ली तुकोजीमामांच्या ओसरीवर जमली होती. भवानीचे हात खुद्द मामांनी, तिच्या बापानं धरले होते.

झालं होतं एवढंच. नादस्वामींनी ग्रामोफोनच्या पेटीवर पंचधातूचं पात्र ठेवलं. "ऐका, नाद ओला झाला, उबदार झाला, मधासारखा दाट झाला." सगळ्यांच्या माना डोलल्या. पात्र उचललं. "आता कोरडा, काचेसारखा." सगळे हळहळले. भवानी म्हणाली, "मला दोन्ही सारखंच लागतं."

"हिच्या कानात पिशाच बसलंय," स्वामी म्हणाले. "नादातलं तूप तेच खातं."

"मामा, रक्त आलंय," मी म्हणालो.

"तुझं कॉलेजातलं पदार्थविज्ञान इथं नको, व्यंकोजी. काचेच्या पेल्यात कॉफीची चव जाते, पितळेच्या वाटी-पेल्याचा डबराच लागतो. मग नादाला धातू नको?"

कुंभकोणमात कॉफीच्या युक्तिवादापुढे कोणी बोलत नाही.

पुढचा वेत मी दंडावर घेतला. कातडी फाटली. "पिशाच आहे की नाही ते स्वामींच्या कानांनीच ठरू दे. पात्र ठेवलंय की काढलंय, एवढं न बघता सांगावं. ते बरोबर ठरले तर उरलेले वेत मला."

एवढ्या लोकांत स्वामींना नाही म्हणता येईना.

दोन खांबांना अंगवस्त्र बांधून मी ग्रामोफोन झाकला, भवानीला आत बसवलं आणि सुई टेकवली.

स्वामींनी डोळे मिटले. "मध. कसा ओथंबतोय."

"ओथंबतोय," ओसरी म्हणाली. मामांचे डोळे भरून आले.

मी कापड ओढलं. पात्र पेटीवर नव्हतंच, भवानीच्या मांडीवर होतं. काठाला तिचं रक्त लागलेलं.

एकदा चुकणं योगायोगही असेल, म्हणून पुन्हा बांधलं, पुन्हा, पुन्हा. नाणं उडवून सांगितलं असतं तरी तितकंच बरोबर आलं असतं. मग कोणीतरी ते पात्र स्वामींच्या तोंडावर हाणलं. दोन दात फरशीवर पडले. मामांनी स्वामींवर वेत उगारला.

भवानीनं तो धरला. "अप्पा, मध यानं एकट्यानं नाही चाखला."

मामांचा हात खाली आला.

पात्रानं नाद बदलत नव्हता. स्वामी आधी शब्द टाकत आणि लोक तो ऐकत. कोणी आवाजाला उबदार म्हटलं, तर मान डोलवण्याआधी मध्ये एक कापड टांगावं. आणि ज्याला फरक ऐकू येत नाही, त्याला तसं म्हणू द्यावं.