देव्हाऱ्यातलं इंजेक्शन

सासूबाईंच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी काम करत नाहीत. ताप किंवा जंतुसंसर्ग सोसायला शरीराला जे संप्रेरक लागतं, ते त्यांना गोळीतून घ्यावं लागतं. ताप आला की गोळी दुप्पट. उलटीमुळे गोळी पोटात टिकेना, तर ताबडतोब मांडीत इंजेक्शन आणि मग इस्पितळ. उशीर झाला तर माणूस दगावतं. इंजेक्शन द्यायला मी शिकले होते.

"घरात सगळ्यांना ठाऊक असेल, पण कुणी उगाच उचलणार नाही, अशा जागी ठेवा," डॉक्टर म्हणाले होते. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत अशी जागा एकच. सासूबाईंनी डबी देव्हाऱ्यात, कुलदेवतेच्या चांदीच्या टाकामागे ठेवली.

मग कुडाळला चुलतसासरे वारले. माझा नवरा हितेंद्र गावी गेला. आम्हाला सुतक लागलं, म्हणून पूजा शेजारचा अजित करू लागला. तो आमच्या भावकीतला नाही.

सुतकातच सासूबाईंना लघवीचा संसर्ग झाला. सकाळी ताप, दुपारी उलट्या. दुप्पट केलेली गोळी तशीच बाहेर आली. त्यांचे हात गार पडले. मी देव्हाऱ्याकडे वळले.

"हात लावू नको गो. सुतक आसा."

"आई, इंजेक्शन तिथे आहे."

"माका ठाऊक आसा. अजिताक हाक मार."

अजित आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. "वहिनी, आत्ताच बांगडा खाल्लाय. आंघोळ करून येतो."

"अरे, तोवर त्या जातील!"

"दोन तांबे फक्त."

"नीट कर आंघोळ," सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या.

त्यांची नाडी मला नीट लागेना. मी देव्हाऱ्यात हात घातला. टाक आडवा झाला. डबी उघडून पावडर सोबतच्या पाण्यात विरघळवली आणि सुई मांडीत टोचली.

"काय केलंस?"

"इंजेक्शन दिलं."

"त्याच्या आदी."

मी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला.

ती अजून गल्लीत शिरायची होती, तेव्हा अजित ओलेत्या पंच्यात आला. केसांतून पाणी गळत होतं. "काय काढायचं, वहिनी?"

"काढलं मी."

तो तसाच उभा राहिला. फरशीवर थारोळं झालं. मी पुन्हा नाडी पाहिली. आता ती बोटाला लागत होती.

सासूबाईंनी एक डोळा उघडला.

"इतकी आंघोळ केलंस, अजिता," त्या म्हणाल्या, "तर तो टाक तरी उभो कर."