उलटा क्रम

निवृत्त झाल्यावरही मास्तर नेमबाजीच्या मैदानावर नवशिक्यांना शिकवायला जात. घरी आले की जेवणाच्या टेबलावर जुनं फडकं अंथरायचं आणि आपली रायफल पुसायला घ्यायची, हा त्यांचा नेम. माई समोर मटार सोलत बसे. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांची बडबड तिला पाठ झाली होती : आधी काडतुसांचं मॅगझिन काढायचं, मग नळीमागचा बोल्ट मागे ओढायचा, मग आत डोळ्यांनी बघायचं, बोटानं चाचपायचं.

"माझ्यापेक्षा तिचेच लाड जास्त," माई म्हणायची.

"ती तुझ्यासारखी उलट बोलत नाही," मास्तर म्हणायचे.

हल्ली मात्र माईच्या जिवाला घोर लागला होता. मास्तर चहात दोनदा साखर घालत, शर्टाची बटणं वरखाली लावत. विषय काढला की हसण्यावारी नेत.

त्या दुपारी पेटीतून रायफल निघाली ती मॅगझिनसकट. मैदानावरून निघण्याआधी ती रिकामी करायची, हा खुद्द मास्तरांचाच नियम. माईचे हात थबकले.

मास्तरांनी बोल्ट खेचून सोडला. एक काडतूस उडून फडक्यावर पडलं.

"निघालं बघ," ते म्हणाले आणि मग त्यांनी मॅगझिन काढलं.

माईच्या ध्यानात आलं. क्रम उलटा झाला होता! ही रायफल अशी, की मॅगझिन लावलेलं असताना बोल्ट पुढे गेला, की वरचं काडतूस आपसूक नळीत जाऊन बसतं. म्हणजे एक बाहेर पडलं आणि दुसरं आत गेलं. आणि आत न बघताच मास्तरांनी नळी भिंतीकडे केली. भिंत कसली, लाकडी फळ्यांचा आडोसा. पलीकडे सूनबाई इस्त्री करत गुणगुणत होती. रिकाम्या रायफलीचा चाप ओढून बघायचा, हे त्यांचं शेवटचं काम. बोट तिकडे निघालंच होतं.

ओरडावं? दचकून बोट आवळलं गेलं तर? हात धरावा? तेही तसंच. माईनं आवाज नेहमीसारखाच ठेवला.

"अहो मास्तर, मी आज नवी आले असं समजा. बोट कुठे ठेवायचं हो?"

"चापावर नाही!" मास्तरांचा मैदानावरचा आवाज खणखणला. "कितीदा सांगायचं? बाहेर, सरळ!" बोलता बोलता त्यांचं स्वतःचं बोट सरळ झालं.

"आणि नळी?"

"माणसांच्या बाजूला कधीच..." ते अडखळले. भिंतीकडे बघितलं आणि सावकाश नळी मागच्या दारातून परसातल्या मातीच्या बांधाकडे वळवली.

"मग आत बघायचं ना?"

त्यांनी बोल्ट ओढला. दुसरं काडतूस टेबलावरून घरंगळत फरशीवर पडलं.

"आई, काय पडलं हो?" पलीकडून सूनबाईनं विचारलं.

"काही नाही गं. तू आवर तुझं."

मास्तरांनी वाकून ते काडतूस उचललं.

"तुला कळलं होतं?"

"हो."

त्यांनी नळी पुन्हा तपासली, बोटानं चाचपली, आणि रायफल पेटीत ठेवली. कुलूप लावून किल्ली माईपुढे सरकवली.

"कुठे ठेवतेस ते मला सांगू नकोस. उद्या पोलीस ठाण्यात रायफल जमा करून येऊ." थोडं थांबून म्हणाले, "तू बरोबर चल. एकटा निघालो तर कशाला निघालो तेच विसरेन."

माईनं मान हलवली. किल्ली उचलायला गेली, तर ती दोनदा बोटांतून निसटली.