ओढा आणि सोडा

साडू हे नातं मोठं चमत्कारिक. रक्ताचं नाही, मैत्रीचं नाही. दोन बहिणींनी आपापली लग्नं केली म्हणून दोन परके पुरुष जन्मभर एकमेकांच्या गळ्यात पडतात. त्यातून थोरल्या साडूने चारही चाकांना जोर असलेली नवी कोरी गाडी घेतली, की धाकट्याचं काही खरं नसतं.

आपले धाकटे गोदीत कामाला. क्रेन चालवणारा वर काचेच्या खोलीत बसणार आणि हे खाली उभे राहून हाताने इशारे देणार: उचल, थांब, हळू घे. बावीस वर्षं हेच काम, आणि त्यांच्या इशाऱ्याने आजवर कोणाला साधं खरचटलंही नव्हतं. थोरल्यांचं फरशांचं दुकान. ते चारचौघांत सांगत, "आमचे साडूभाऊ दिवसभर हात हलवतात." सगळे हसत. धाकटेही हसत. अकरा वर्षं हसत होते बिचारे.

तर त्या सुट्टीच्या दिवशी दोन गाड्या घेऊन दोन्ही जोडपी माळावर निघाली. पुढे थोरल्यांचं चकचकीत धूड, मागे धाकट्यांची जुनी, पत्रा खडखडणारी, पण तीही चारही चाकांनी ओढणारीच. रस्ता संपून दोन तास झाले होते, फोनची रेंज त्याच्याही आधी संपली होती. वाटेत एक कोरडा ओढा आडवा आला. धाकटे उतरून काठीने जमीन चाचपू लागले. थोरल्यांना एवढा धीर कुठला? त्यांनी गाडी दामटली, आणि वरची वाळलेली खपली फुटून ती मधोमध पोटापर्यंत चिखलात बसली. धाकटे वरच्या अंगाला दगडांवरून सावकाश गाडी घेऊन पलीकडच्या चढावर पोचले, पण त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

"काळजी नको," थोरले म्हणाले. "माझ्याकडे सगळं आहे." त्यांनी दोर काढला. मनगटाएवढा जाड, ताण दिला की लांबणारा, पिशवीवरची चिठ्ठीही न काढलेला. त्याचं एक टोक त्यांनी धाकट्यांच्या गाडीमागे ट्रॉली जोडायला जो लोखंडी गोळा असतो त्याला अडकवलं, दुसरं स्वतःच्या गाडीच्या पुढच्या कडीला.

"त्या गोळ्याला नको," धाकटे म्हणाले. "तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा..."

"साडूभाऊ, मी चाळीस व्हिडिओ बघितलेत."

झालं. धाकटे निमूट आपल्या गाडीत जाऊन बसले. शेजारी त्यांची बायको, थोरलीची पाठची बहीण. ताई, म्हणजे थोरली, अडकलेल्या गाडीच्या स्टिअरिंगवर. आणि थोरले त्या गाडीच्या नाकासमोर, दोराला लागून, सेनापतीच्या थाटात.

"तुम्ही बोलत का नाही?" बायको म्हणाली.

"कशाला उगाच वाद," धाकटे म्हणाले.

"थोडं ओढा," मागून हुकूम आला. धाकट्यांनी गाडी जराशी पुढे घेतली, दोर ताठ झाला. त्यांनी हँडब्रेक लावला आणि सवयीने गिअर न्यूट्रलला टाकला. इकडे थोरल्यांच्या लक्षात आलं की दोर अडकवलेली लोखंडी कडी तिरकी बसली आहे. ती सरळ करायला त्यांनी उजवा हात दोराच्या फासात घातला आणि हात तिथेच आवळला. बोटं निघेनात. मग ते ओरडले, "सोडा. अहो, सोडा."

आता माळावरचा वारा, जुनं इंजिन, आणि आपली भाषा. 'सोडा' मधला 'स' वाऱ्याने नेला. धाकट्यांच्या कानावर आलं, "ओढा. अहो, ओढा."

याच कारणासाठी गोदीत तोंडाने हुकूम द्यायला बंदी होती. एका जुन्या माणसाची तीन बोटं याच दोन शब्दांच्या मधे गेली होती आणि धाकटे प्रत्येक नव्या माणसाला ती गोष्ट पहिल्या दिवशी सांगत. आवाजावर काही हलवायचं नाही, डोळ्यांना हात दिसला तरच. पण समोर थोरले साडू असले की त्यांचं शहाणपण गोदीच्या फाटकातच राहायचं. त्यांनी आरशात पाहिलंसुद्धा नाही. हँडब्रेक सोडला आणि अॅक्सिलरेटर दाबला.

इंजिन गरजलं. गाडी पुढे जायच्या ऐवजी चढावरून चार बोटं मागे सरकली. धाकट्यांनी दचकून खाली पाहिलं. गिअर न्यूट्रललाच होता, घाईत टाकायचा राहिला होता. बायकोनेही पाहिलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकट्यांनी ब्रेक दाबला.

तेवढ्यात थोरले धावत आले. चेहरा पांढराफटक, उजवा हात डाव्या हातात धरलेला.

"साडूभाऊ," ते म्हणाले, आणि त्यांना दम लागला. "माझा हात आत होता. सोडा म्हटलं, तर नेमकं चार बोटं सोडलंत. ना कमी, ना जास्त. दुसरा कोणी असता तर त्याने ओढलं असतं."

"सोडा होय?" बायको म्हणाली. "मला वाटलं, ओढा." आणि ती खिडकीबाहेर बघू लागली.

"बघा, हिला ओढा ऐकू आलं. याला म्हणतात कान, याला म्हणतात ताबा." थोरल्यांनी धाकट्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मी तुमच्या कामाची चेष्टा करत आलो. माझं चुकलं."

अकरा वर्षांत पहिल्यांदा. धाकट्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं. सांगू की नंतर, त्यांनी मनाशी म्हटलं. इतक्या वर्षांनी माणूस गोड बोलतोय, दोन घटका ऐकून तर घेऊ.

आता सूत्रं त्यांच्याकडे आली. दोर त्यांनी गोळ्यावरून काढून गाडीच्या सांगाड्याला बोल्टने पक्क्या केलेल्या हुकात घातला. ताईच्या गाडीच्या चाकांपुढचा चिखल तासभर उपसला, फावडं थोरल्यांच्या हातात देऊन. दोर तुटलाच तर उसळू नये, खाली पडावा, म्हणून त्यावर ओली सतरंजी टाकली. बायकोला आपल्या गाडीत बसवलं आणि दोघी बहिणींना बजावलं, "कोणी काही ओरडलं तरी ऐकायचं नाही. फक्त माझा हात बघायचा. हात दिसला नाही, तर थांबायचं." मग स्वतः लांब बाजूला, दोघींना दिसेल अशा उंचवट्यावर जाऊन उभे राहिले.

"आता तुम्ही इकडे या," त्यांनी थोरल्यांना हाक मारली. "दोर आहे त्याच्या दीडपट लांब."

थोरले दोरापासून दोन पावलांवर उभे होते. आरामात, कमरेवर हात ठेवून.

"इथून नीट दिसतं," ते म्हणाले.

"दोर तुटला तर..."

"तुम्ही असताना कसला तुटतोय? आज तुम्ही माझा हात वाचवलात. तुमच्या भरवशावर मी दोरावर बसेन." आणि ते खरंच आणखी एक पाऊल जवळ सरकले.

ज्या कौतुकासाठी धाकटे इतकी वर्षं आसुसले होते, तेच कौतुक आता या माणसाला दोराशेजारी उभं करत होतं. गप्प राहिलं तर थोरल्या साडूंच्या नजरेत ते कायमचे मोठे. बोललं तर पुन्हा हात हलवणारे, वर खोटारडे.

ते उंचवट्यावरून उतरले आणि थोरल्यांच्या समोर जाऊन उभे राहिले.

"मी ओढलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"मला ओढा ऐकू आलं. मी न बघता अॅक्सिलरेटर दाबला. गिअर टाकायचा विसरलो होतो, म्हणून गाडी मागे आली. ताबा नाही, कान नाही, काही नाही. गिअर पडला असता तर तुमचा हात आज तुमच्याजवळ नसता. आणि एवढं होऊन मी गप्प बसलो, कारण तुम्ही मला चांगलं म्हणत होता. अशा माणसाच्या भरवशावर तुम्ही दोराजवळ उभे राहू नका. कोणाच्याच भरवशावर राहू नका."

थोरल्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग धाकट्यांकडे. मग ते वळले आणि चालू लागले. दीडपट अंतर झालं, दुप्पट झालं, तरी थांबेनात. शेवटी एका खडकामागे गेले आणि नुसतं डोकं तेवढं दिसू लागलं.

धाकटे उंचवट्यावर परतले. त्यांनी हात वर केला. दोर हळूहळू ताणला, लांबला, ताईने गिअर टाकला, आणि धूड मोठा ओला आवाज करत चिखलातून सुटून काठावर आलं. धाकट्यांनी मूठ मिटली. दोन्ही गाड्या जागच्या जागी थांबल्या.

खडकामागून थोरले निघाले. चांगलं लांब होतं, यायला वेळ लागला. धाकटे मान खाली घालून दोर गुंडाळत राहिले. आता काय ऐकावं लागेल ते ऐकायचं, त्यांनी ठरवलं होतं. थोरले समोर येऊन थांबले. त्यांनी उजवा हात पुढे केला. धाकट्यांनी तो धरला. चिखलाने बरबटलेला, फावड्याने फोड आलेला, घामेजलेला हात. पाचही बोटांनी त्यांचा हात घट्ट दाबला, आणि बराच वेळ सोडला नाही.