पाठवला

डोळे तपासणीची गाडी आज येणार नाही, हा मेसेज आंदर मावळातल्या बेचाळीस जणांना पहाटे आपोआप जायचा होता. दुपारी त्यांच्यातल्याच केरबा आबांनी मदतीचा नंबर फिरवला. लोणावळ्याच्या ऑफिसात तेजलने फोन उचलला.

“पोरी, दोन तास चालत आलो. म्हातारीला दिसत न्हाई, हाताला धरून आणलीय. गाडी कुटं हाय?”

तेजलने यादी उघडली. बेचाळीसही नावांपुढे ‘पाठवला’ असं लिहिलेलं. मग तिने कोड पाहिला. मेसेज पाठवणारी सेवा पहाटे बंद होती. प्रोग्रामला एररही मिळाली होती. पण शेजारी बसणाऱ्या सुरजने लिहिलेल्या कोडने ती गिळून टाकली होती आणि पुढे बिनदिक्कत ‘पाठवला’ अशी नोंद केली होती.

“एका एररने सगळं बंद पडू नये म्हणून तसं केलं,” सुरज म्हणाला.

“बंद पडलं असतं तर निदान कळलं असतं!” तेजल कडाडली. “हे तर खोटं बोलतंय!”

तेवढ्यात तिला खाली कोड तपासणाऱ्याचं नाव दिसलं. तिचंच होतं. महिन्यापूर्वी न वाचताच तिने मंजुरी दिली होती. राग ओसरला नाही, उलट आता स्वतःचाही आला.

“आबा, गाडी येणार नाही. चूक आमची आहे,” ती फोनवर म्हणाली.

“मंग म्हातारीनं परत चालायचं व्हय?”

“नाही. तिथंच थांबा, आम्ही येतो.” ती उठली. “सुरज, कार काढ. आधी तिथं आलेली माणसं फेऱ्या मारून घरी पोचवू. मेसेज गेला नाही तर ओरडून सांगणारा कोड आज रात्री दोघं मिळून लिहू.”