हळदीच्या पाठीवरचं रक्त

बघ्यांनी खिडकीचे गज अडवले होते. अंगातलं भूत काढणाऱ्या बाबाने धाकटीच्या हळद माखलेल्या पाठीवरून ओला हात फिरवला आणि पाठ लालभडक झाली.

"बघा! थोरली हिच्या कण्यात दडून बसलीय. हे तिचंच रक्त!"

बायका मागे सरल्या. आई पुढे झाली. थोरलीला जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि तापाने फणफणलेली धाकटी, मान लाकडासारखी ताठ करून, थोरलीच्याच आवाजात बोलत होती, "आई, गार लागतंय गं."

"तिला काढू नका," आई पुटपुटली. "जरा बोलू दे."

मामाने मात्र कुणाचंही न ऐकता पोरीला उचललं आणि थेट दवाखाना गाठला. आई मागोमाग धावली.

डॉक्टरीणबाईंनी मान वाकवून पाहिली, वाकेना. "मेंदूभोवतीचं पाणी कण्यातही उतरतं. ते पाठीतून सुईने काढून तपासायला हवं."

"पाठीत सुई? पोर पांगळी झाली तर?"

"मज्जारज्जू वरच संपतो, मामा. सुई त्याच्या खाली जाते. आणि ती जागा आधी बधिर करते."

पाठ साबणाच्या पाण्याने पुसताच उरलेली हळदही लाल झाली. आई बघतच राहिली. हळदीचे डाग धुताना हा रंग तिने जन्मभर पाहिला होता.

"बाबाच्या हाताला साबण नाहीतर चुना असणार," बाई म्हणाल्या.

धाकटीला कुशीवर वळवून तिचे गुडघे पोटाशी घेतले. आईने ते घट्ट धरले. सुईतून थेंब उतरले, तांदळाच्या धुवणासारखे गढूळ.

"हे नितळ असायला हवं. जंतूंनी मेंदूच्या आवरणाला सूज आलीय. सलाईनमधून औषध आत्ताच सुरू करू."

"पण आवाज? तो थोरलीचाच होता," आई म्हणाली.

"सख्ख्या बहिणींचे गळे पुष्कळदा सारखे असतात. तापात मनातलं ओठावर येतं. थोरली काय तुम्हालाच आठवते? तिलाही आठवत असेल."

मग आई उशाशी बसून राहिली. पाठीवरची पट्टी ओली होते का बघायची, पायांची बोटं हलवून घ्यायची, डोकं ठणकलं की धाकटीला सपाट निजवायची, चमच्याने पाणी पाजायची. ताप उतरत गेला तसा तो दुसरा आवाज विरत गेला. एका सकाळी धाकटी स्वतःच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आई, भूक लागलीय."

आईने तिला पोटाशी धरलं आणि थोरलीसाठी पोटभर रडली.

गेलेल्या माणसाची ओढ खोटी नसते. तिच्यावर दुकान मांडणारा खोटा असतो. ताप चढला, मान ताठली, माणूस बरळू लागलं, तर बाबाची वाट बघू नका. दवाखाना गाठा.