गालावरचा हिरवा

बँकेतून निवृत्त झाल्यावर सुहासिनी साताऱ्यात वीरधवल सरांच्या क्लासला तैलरंग शिकायला जाऊ लागली. सरांनी तिला एका इम्प्रेशनिस्ट चित्राची छापील प्रत दिली. बागेत झाडाखाली बसलेल्या बाईचं व्यक्तिचित्र होतं ते.

"हिची नक्कल करा, काकू. नक्कल करताना डोळा तयार होतो."

सुरुवातीला तिने चेहऱ्याला सरसकट गुलाबी रंग फासला. सरांनी तो सुरीने खरवडून काढायला लावला. "चेहऱ्याचा रंग कसा असतो ते विसरा. समोर दिसतंय ते लावा."

मग तिला दिसायला लागलं. पानांतून झिरपलेल्या उजेडाने बाईचा गाल चक्क हिरवट झाला होता. हनुवटीखाली जांभळी सावली होती. पावसाळाभर ती त्या चेहऱ्याशी झगडली. नाक किंचित वाकडं आलं, पण ज्या दिवशी गालावरचा हिरवा जमला, त्या दिवशी घरी जाताना तिला येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरही रंग दिसत होते.

जानेवारीत सांगलीला क्लासचं प्रदर्शन भरलं. चित्रं सरांनी आधीच मागवून घेतली होती. उद्घाटनाला सुहासिनी नवऱ्याबरोबर, मधुकररावांबरोबर, गेली. आपल्या चित्रासमोर आली आणि थबकलीच. खाली नाव तिचं होतं, पण चेहरा भलत्याच बाईचा. गुळगुळीत, गोरापान. हिरवा गायब. नाक सरळ.

"चेहरा काय सुरेख उतरलाय," शेजारचे गृहस्थ म्हणाले.

तिने बोट लावलं. रंग ओला होता. ती तडक सरांकडे गेली.

"माझ्या चित्राला कोणी हात लावला?"

"थोडं सावरून घेतलं, काकू. हिरव्या गालाची बाई बघून क्लासला कोण येईल?"

"तो हिरवा तुम्हीच लावायला शिकवलात."

"शिकायचं वेगळं, दाखवायचं वेगळं. लोक कौतुक करतायत ना तुमचं?"

"माझं नाही. तुमचं करतायत, माझ्या नावावर."

सर हसले आणि पाहुण्यांकडे वळले. त्या हसण्याने ती पेटली. प्रात्यक्षिकासाठी मांडलेल्या टेबलावर टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं होतं. ते घेऊन ती चित्राकडे गेली.

"अगं, लोक बघतायत," मधुकरराव कुजबुजले.

"बघू देत. प्रदर्शन आहे."

तिचा रंग दिवाळीतच वाळला होता. वरचा ओला थर फडक्यावर येत गेला आणि खालचा हिरवट गाल दिसू लागला. कानाजवळ तिने रंग जाड लावला होता, तो आतून ओलाच होता. तिथलं तिचंही थोडं पुसलं गेलं. तिला वाईट वाटलं, पण हात थांबला नाही.

सर धावत आले. "काकू, हे चित्र आता भिंतीवर राहणार नाही. आणि क्लासलाही येऊ नका."

"येणारच नव्हते," म्हणत तिने स्वतःच चित्र उतरवलं.

तेवढ्यात मयूरी पुढे आली. सातारा जिल्ह्यातल्याच मलकापूरची ही मुलगी क्लासमध्ये सगळ्यांत कमी बोलायची. आपल्या चित्राला नाक लावून ताज्या रंगाचा वास घेऊन आली होती.

"काकू, ते फडकं द्या की जरा. माझ्या आजीच्या सुरकुत्या पण गेल्यात."

चार दिवसांनी सरांचा फोन आला. क्लासची बदनामी झाली होती, सुहासिनीने ग्रुपवर माफी मागावी असं त्यांचं म्हणणं होतं.

"आधी ज्यांच्या ज्यांच्या चित्रांना तुम्ही हात लावलात, त्यांना एकेकाला फोन करून सांगा," ती म्हणाली. "मग माझ्याशी बोला."

सरांचा पुन्हा फोन आला नाही. त्यांनी कोणाला काही सांगितलंही नाही, म्हणून ते काम सुहासिनीनेच केलं. दोघीजणी तिच्यावरच चिडल्या. त्यांना सरांनी सुधारलेलं चित्रच आवडलं होतं. तिघी मात्र सुहासिनीबरोबर दर रविवारी मलकापूरला मयूरीच्या परसात जमू लागल्या. तिथे शिकवायला कोणी नाही. पेरूच्या झाडाखाली मयूरीची आजी बसते, आणि तिच्या कपाळावर जो रंग दिसेल तो सगळ्या आपापल्या चित्रात लावतात.