ताईंनी हात वर केला नाही

मी एक जुने टेबल आहे. सागवानी, लांबट गोल आणि इतके जड, की मला हलवायचे म्हटले की भल्याभल्यांच्या तोंडचे पाणी पळते. मित्रांनो, तुम्ही टेबलावर अभ्यास करता. माझ्याभोवती मात्र एका कंपनीचे संचालक बसत.

ही कंपनी लिफ्टचे ब्रेक बनवायची. ती सुरू करणाऱ्या आप्पांनी मला मुद्दाम घडवून घेतले. सुताराने माझ्या कडा इतक्या मायेने घासल्या, की कुणाची बाही कधी अडकली नाही. आप्पांनंतर त्यांचा मुलगा अध्यक्ष झाला. सगळे त्यांना दादासाहेब म्हणत. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे ताई, याही संचालक होत्या, पण नावापुरत्या. भाऊ सांगेल तिथे हात वर करायचा, चहा घ्यायचा आणि घरी जायचे.

एके दिवशी दादासाहेबांनी प्रस्ताव मांडला, की ब्रेकच्या स्प्रिंगा आता एका नव्या कारखान्याकडून घ्यायच्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. ताईंनी मात्र विचारले, "दादा, हा कारखाना वहिनीच्या भावाचा ना? तुझीही त्यात भागीदारी आहे."

"आहे की. मग काय झालं?"

"मग ते तू आधी सांगायला हवं होतंस. कायदाच आहे तसा. या विषयापुरतं तू बाहेर बसायचं, मतही द्यायचं नाही."

"आता तू मला कायदा शिकवणार? घरचीच तर कंपनी आहे!"

"घरची कशी? बाहेरच्या कितीतरी लोकांनी तिचे शेअर घेतलेत. आणि ब्रेक लागला नाही, तर त्या लिफ्टमध्ये दुसऱ्यांची लेकरं असतात रे. स्प्रिंगांची चाचणी तरी झालीय का?"

काही जण माझ्याकडेच टक लावून बघत बसले. ताईंनी माझी कड घट्ट धरली. त्या म्हणाल्या, "चाचणीशिवाय मी हात वर करणार नाही. माझा विरोध नोंदवून घ्या."

दादासाहेब ताडकन उठून निघून गेले. तेव्हा संचालकांतले वयस्कर डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "ताईंचं बरोबर आहे. आपण इथे नुसतं चहा प्यायला येत नाही." विषय पुढे ढकलला गेला.

चाचणीत स्प्रिंगा तुटल्या. एकामागून एक.

दादासाहेबांनी बहिणीशी बोलणे टाकले. वहिनींनी तर पाठच फिरवली. ताई कधी कधी सुजलेल्या डोळ्यांनी येत, पण एकही सभा त्यांनी चुकवली नाही. सगळे कागद वाचून येत आणि न समजलेले सरळ विचारीत.

मग एका सभेत गोदामासाठी जागा घेण्याचा विषय निघाला. दादासाहेब उभे राहिले. "ही जागा माझ्या सासऱ्यांची आहे. यात माझा संबंध येतो, म्हणून मी बाहेर बसतो," ते म्हणाले आणि दाराशी जरा थांबले. "ताई, तू नीट बघ गं."

ताईंनी मान खाली घातली. माझ्यावर दोन थेंब पडले.

पुढे कंपनीत काचेचे टेबल आले आणि मी अडगळीत गेले. माझ्यावर रंगाचे डबे रचले गेले. फार वाईट वाटायचे. शेवटी तुमच्या शाळेने मला मागून आणले.

मित्रांनो, माझ्यावर नावे कोरू नका, ओले पेले ठेवू नका. आणि उद्या लोकांनी विश्वासाने तुम्हाला एखादी खुर्ची दिली, तर ती नुसती अडवून बसू नका. समजले नाही तर विचारा. पटले नाही, तर सगळ्यांचे हात वर असतानाही आपला खाली ठेवा.